पेटीतलं भिंग

धुळ्याच्या ज्या माणसाकडून मी व्हीआर हेडसेट घेतला त्याच्यावर माझा विश्वास नव्हता, आणि त्याचाही माझ्यावर नव्हता. त्याचं गेमिंग पार्लर बंद पडत आलं होतं. घरचे यंत्रमाग भाऊ चालवायचा आणि याने हा वेगळा धंदा काढला होता. पहिल्या सुट्टीत गर्दी झाली, मग कोणी फिरकेना. मी गेले तेव्हा अर्ध्या खुर्च्या उलट्या करून भिंतीला लावलेल्या होत्या आणि पंख्यालासुद्धा विकायची चिठ्ठी होती.

"विंडोज आहे ना मॅडम, घरच्या कॉम्प्युटरवर?"

"नाही. लिनक्स आहे."

"मग मी जबाबदारी नाही घेणार. इथे चालतोय तेवढं बघून घ्या. परत आणून देऊ नका."

मला वाटलं, हा आत्ताच अंग काढून घेतोय. म्हणजे मालात खोट आहे. मी म्हणाले, "भाऊ, चालू करून दाखवा. सगळं."

त्याने केलं. डोळ्यांवर बांधायचा काळा हेडसेट, हातात धरायच्या दोन कांड्या, आणि खोलीच्या दोन कोपऱ्यांत उंचावर लावायच्या दोन काळ्या चौकोनी पेट्या. या पेट्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश खोलीभर फेकतात. हेडसेट आणि कांड्या तो प्रकाश पकडतात आणि आपण कुठे उभे आहोत, हात कुठे आहे हे कॉम्प्युटरला कळतं. टीव्हीच्या रिमोटमधून जातो त्याच जातीचा प्रकाश. दोहोंपैकी एक पेटी त्याने जुन्या टॉवेलमधून सोडवून काढली.

"हिला टॉवेल का?"

"एकदा पडली होती. चालते."

चालत होती खरी. पण टॉवेल माझ्या डोक्यातून गेला नाही. तेवढ्यात त्याने मोबाइल काढून माझ्यावर रोखला. "बोला मॅडम, माल चालू आहे, मी बघून घेतला." मीही माझा मोबाइल काढला. म्हटलं, "मग तुम्हीही बोला, आत काही बदललेलं नाही, काही बसवलेलं नाही." असं आम्ही एकमेकांचं शूटिंग केलं. आतून त्याच्या अम्मींनी चहा पाठवला होता, तो दोघांनी उभ्यानेच प्यायला. मग खोकं मांडीवर घेऊन मी जळगावच्या एसटीत बसले.

मी ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स आहे ते परवान्याची कटकट नको म्हणून. माझ्या घरी आहे ते मी संशयी आहे म्हणून. यंत्र काय करतंय, कोणाशी बोलतंय, हे मला उघडून बघता आलं पाहिजे. माझ्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी असते. ॲपने फोनबुक मागितलं की मी ॲप काढून टाकते. मैत्रिणी हसतात, पण त्यांच्याही मनात कुठेतरी असतंच, की बोललेल्या वस्तूची जाहिरात संध्याकाळी फोनवर कशी दिसते.

गेमची आवड मला विद्यार्थिदशेपासून. एकटी राहते, लग्न केलं नाही. जळगावच्या उन्हाळ्यात संध्याकाळीसुद्धा रस्त्यावरून वाफ येते, फिरायला जावंसं वाटत नाही. उभं राहून, हातपाय हलवून खेळायचं काही मिळालं तर बरं, असं मनात होतं. नवे बिनवायरचे हेडसेट मी बघितले होते. त्यांना चारी बाजूंनी कॅमेरे. ते आपली खोली बघतात, तिचा नकाशा करतात, आणि कंपनीत खातं उघडल्याशिवाय सुरूच होत नाहीत. माझ्या घरात, माझ्या तोंडावर बांधायची वस्तू, आणि परवानगी दुसऱ्या कोणाची. म्हणून मी हा जुना, वायरचा घेतला. यालाही पुढे एक बारीक कॅमेरा होता. घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते त्यावर पट्टी चिकटवण्याचं.

लिनक्सवर तो लगेच चालेल अशी माझीही अपेक्षा नव्हती. आधी कॉम्प्युटरला वाटलं की हेडसेट म्हणजे दुसरा मॉनिटर. डोळ्यांवर लावला तर आत माझाच डेस्कटॉप, नाकाला टेकलेला. मग यूएसबीची परवानगी मिळेना. मग चित्र आलं, पण मान वळवली की जग मागून वळायचं आणि पोटात ढवळायचं. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं याच कटकटीत अडकून फोरमवर लिहून ठेवत असतात. त्यांचं वाचत, एक एक ओळ करून बघत मी काही संध्याकाळी घालवल्या. कोणी लिहिलेली आज्ञा न समजता मी कधी चालवत नाही, म्हणून जास्तच वेळ लागला. आणि एकदा सगळं जुळलं. मान वळवली, जगही वळलं. मी एका किल्ल्याच्या तटावर उभी होते आणि हातात धनुष्य होतं.

तो खेळ मला फार आवडला. डावा हात पुढे धरायचा, उजव्याने खांद्यामागून बाण काढायचा, दोरी गालापर्यंत ओढायची आणि सोडायची. खाली शत्रू तटावर चढत असतात. अर्ध्या तासात घाम निघायचा.

एक अडचण राहिली. मध्येच खेळातला माझा हात थरथरायचा, धनुष्य उडून दुसरीकडे जायचं. मला आधी तो टॉवेल आठवला. मग फोरमवर वाचलं की खोलीत आरसा असला तर पेट्यांचा प्रकाश त्यावरून परततो आणि हेडसेट गोंधळतो. हॉलमध्ये माझं आरसा असलेलं लोखंडी कपाट आहे. मी त्यावर चादर टाकली, थरथर थांबली. तेव्हापासून खेळायच्या आधी आरशावर चादर टाकायची, मग पेट्या सुरू करायच्या, मग तोंडावर तो काळा डबा बांधून उभं राहायचं.

हे सगळं समोरून कसं दिसत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. दुसऱ्यांवर संशय घेण्याची मला सवय होती, माझ्यावर कोणी घेईल ही नव्हती.

आमच्या अपार्टमेंटच्या दोन इमारती समोरासमोर आहेत, मध्ये फक्त मोटारसायकली लावण्यापुरती जागा. माझ्या हॉलच्या खिडकीसमोर अक्कांचा हॉल. अक्का धरणगावकडच्या एका खेड्यातल्या. यजमान गेल्यावर मुलाने गावातलं घर बंद केलं आणि त्यांना इथे फ्लॅट घेऊन दिला. मुलगा स्वतः पुण्याला. पहिल्या वर्षी त्या खिडकीतून माझ्याशी बोलायच्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी द्यायच्या. मग हळूहळू बोलणं कमी झालं. मी कॉलेजच्या परीक्षांमध्ये होते, मला वाटलं, म्हातारं माणूस, तब्येत बरी नसेल.

एका संध्याकाळी मी डोळ्यांवरून हेडसेट काढला तर त्या खिडकीत उभ्या होत्या. दोन्ही हातांनी गज धरून माझ्याकडे बघत होत्या. मी हसले. त्यांनी पडदा ओढला.

दुसऱ्या दिवशी भाजीच्या गाडीवर मी विचारलं, "अक्का, काही चुकलं का माझं?"

त्या भाजी निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू खेळाले लागनी की मना टीव्हीना रिमोट चालत नही."

म्हणजे मी खेळायला लागले की त्यांचा रिमोट बंद पडतो. मला हसू आलं, पण घरी येऊन विचार केला तेव्हा हसू गेलं. माझी एक पेटी बरोबर त्यांच्या खिडकीकडे तोंड करून होती, आणि त्यांचा टीव्ही बरोबर माझ्या खिडकीकडे. पेटीचा प्रकाश तिकडे जाऊन रिमोटच्या आड येत असणार. अक्का खरं बोलत होत्या. मी त्याच दिवशी पेटीचं तोंड थोडं खाली वळवलं आणि त्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"त्यामा काय शे?"

"प्रकाश आहे अक्का. दिसत नाही असा."

दिसत नाही असा प्रकाश! हे वाक्य मी बोलायला नको होतं. त्यांनी दार लावून घेतलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत रविवारी सकाळी बेल वाजली. सोसायटीचे सेक्रेटरी, समितीतले दोघे, आणि मागे अक्का. अक्कांच्या हातात मोबाइल होता आणि त्यावर पुण्याहून मुलगा व्हिडिओ कॉलवर. सेक्रेटरींनी चपला बाहेर काढल्या, पण बसले नाहीत.

"मॅडम, तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. तुम्ही समोरच्या घराकडे कॅमेरा लावलाय."

मी त्यांना पेट्या सुरू करून दाखवल्या. समजावून सांगितलं. सेक्रेटरींनी स्वतःचा मोबाइल काढला, पुढचा कॅमेरा सुरू केला, पेटीसमोर धरला आणि मला पेटीजवळ उभं करून स्क्रीन दाखवली. स्क्रीनवर पेटीच्या काळ्या काचेआड जांभळट ठिपके लुकलुकत होते. नुसत्या डोळ्यांना तिथे काही दिसत नव्हतं.

"हॉटेलात छुपा कॅमेरा असाच ओळखतात. व्हिडिओ बघितलाय मी," ते म्हणाले.

व्हिडिओ मीही बघितला होता. मी स्वतः हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर हेच करते. त्यांची पद्धत बरोबर होती, निष्कर्ष चुकीचा होता.

"यात कॅमेरा नाही. फक्त दिवे आहेत," मी म्हणाले. आणि खोटं बोलायचं नाही म्हणून पुढे म्हणाले, "कॅमेरा हेडसेटला एक आहे, पण त्यावर मी पट्टी लावलीय."

"म्हणजे कॅमेरा आहे!" समितीतले एक जण म्हणाले.

सेक्रेटरींचा माझ्यावर जुना राग होता. आदल्या वर्षी जिन्यात सीसीटीव्ही बसवताना कॅमेरा माझ्या दाराकडे येत होता, तेव्हा मी लेखी हरकत घेऊन तो वळवायला लावला होता. ते म्हणाले, "सोसायटीच्या कॅमेऱ्याला तुम्ही नाही म्हणता. आणि स्वतः हे? आरशावर चादर टाकून, तोंड बांधून, आजीबाईंच्या घराकडे हात करून काय चालतं रोज संध्याकाळी? त्या म्हणतात, तुम्ही मूठ मारल्यासारखं करता."

मी अक्कांकडे बघितलं. त्यांनी नजर चुकवली नाही. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. ती बघून मला पहिल्यांदा मनापासून वाईट वाटलं.

तेवढ्यात मोबाइलमधून मुलगा बोलला. आवाज मोठा, शब्द शहरी. "एवढी चर्चा कशाला? उघडून दाखवा ती पेटी. लपवायचं काही नसेल तर उघडायला काय हरकत आहे?"

"उघडली की बिघडेल," मी म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाच खात्री वाटेना. दुसऱ्याच्या हातून आलेली वस्तू. टॉवेलात गुंडाळलेली. मी सगळं तपासलं होतं, पण पेटीच्या आत बघितलं नव्हतं. तिच्यात धुळ्याच्या पार्लरवाल्याने काही बसवलेलं नाही, अशी शपथ मी कोणाच्या जिवावर घेणार? मी सगळ्यांसमोर त्याला फोन लावला.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्यात कॅमेरा नाही मॅडम. पण तुमचा माझ्यावर पहिल्या दिवसापासून शक आहे. उघडा. मला पण बरं वाटेल." आणि फोन ठेवला.

मी पेटी भिंतीवरून काढली, वायर सोडली, पेचकस आणला आणि टेबलावर ती उघडली. आत बारीक दिव्यांची रांग होती, दोन छोट्या मोटरी होत्या, आणि मोटरींवर भिंगं. सगळे वाकले.

"हे काय? भिंग ना?" सेक्रेटरींनी विचारलं.

"हो, पण हे प्रकाश फेकायचं आहे. बघायचं नाही."

"भिंग बघायलाच असतं मॅडम."

मी दाखवत होते आणि त्यांचा संशय वाढत होता. शेवटी समितीतल्या दुसऱ्या गृहस्थांनी, ते मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतात, पेटी उलटसुलट करून बघितली आणि सांगितलं की यात चित्र साठवायची किंवा पाठवायची काही सोय दिसत नाही. सेक्रेटरी थोडे नरमले. तरी ठराव झालाच, की खिडकीकडे तोंड करून पेटी लावायची नाही. मी मान्य केलं. अक्काही निघाल्या. जाताना मोबाइलमधून मुलाचा आवाज येत होता, "आई, तिच्याशी बोलत जाऊ नकोस."

पेटी मी पुन्हा बंद केली, पण तिचा हिरवा दिवा परत लागला नाही. एकाच पेटीवर खेळ चालतो, फक्त एकाच दिशेला तोंड ठेवावं लागतं. पाठ फिरवली की हात गायब. अक्कांनी खिडकीला जाड, काळपट निळा पडदा लावला आणि तो दिवसभर ओढलेला राहू लागला.

पावसाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. दुपारी कॉलेजातून आले तर अक्का माझ्या दारात उभ्या. हातात टीव्हीचा रिमोट.

"आते तुनी पेटी बंद शे. तरी हाऊ चालत नही."

मी म्हणाले, सेल गेले असतील, चला, बघते. मी त्यांच्या घरात कितीतरी महिन्यांनी पाय ठेवला. पडद्यामुळे भर दुपारी हॉलमध्ये अंधार होता. मी सवयीने मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू केला आणि त्यासमोर रिमोटचं टोक धरून बटण दाबलं. रिमोट जिवंत असला तर स्क्रीनवर जांभळा ठिपका दिसतो. नाही दिसला. सेलच गेले होते. पण स्क्रीनवर मी स्वतः दिसत होते, आणि माझ्या खांद्यामागे, शोकेसवर, जांभळट ठिपक्यांचं एक कडं.

मी वळून बघितलं. तिथे आकड्यांचं एक घड्याळ होतं, काळ्या काचेचं. ठिपके कुठेच नाहीत. पुन्हा मोबाइलमध्ये बघितलं. होते. घड्याळाला आकडे दाखवायला असले दिवे लागत नाहीत. अंधारात बघणाऱ्या कॅमेऱ्याला लागतात.

"हे घड्याळ कोणी आणलं अक्का?"

"मना पोऱ्यानी. दिवाईले."

मुलाने दिवाळीला दिलेलं. मी आवाज नेहमीसारखा ठेवायचा प्रयत्न केला आणि म्हणाले, "सेल संपलेत. चला, खाली दुकानातून आणू." बाहेर आल्यावर मी त्यांना जिन्याच्या वळणावर थांबवलं. कसं सांगावं ते कळेना. म्हणून आधी विचारलं, "अक्का, मला खरं सांगा. तुम्हाला माझा संशय का आला? फक्त रिमोटमुळे?"

त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. मग बोलायला लागल्या आणि थांबेनातच. मुलाला सगळं कळतं. दुपारी जेवल्या नाहीत तर संध्याकाळी फोनवर विचारतो, आई जेवली नाहीस का. कामवालीला जुनं लुगडं दिलं, ते त्याला माहीत. गावाकडची बहीण येऊन राहिली, तिच्याशी काय बोलणं झालं ते माहीत.

"मी घरमा काय करस, बठ्ठं त्याले माहीत शे. समोर तूच ऱ्हास. तूच सांगस ना त्याले?"

मला धक्का बसला तो याचा. मूठ मारण्याचं, कॅमेऱ्याचं, ते सगळं नंतर आलं होतं. मुळात त्यांना वाटत होतं की मी खिडकीतून बघते आणि त्यांच्या मुलाला चुगल्या सांगते. म्हणून बोलणं थांबलं होतं, माझ्याकडे हेडसेट येण्याच्याही आधी.

"माझ्याकडे तुमच्या मुलाचा नंबरसुद्धा नाही," मी म्हणाले आणि मग घड्याळाचं सांगितलं.

त्यांचा विश्वास बसला नाही. बसणार कसा? "तूच काहीतरी लायं व्हई," म्हणाल्या. तूच काहीतरी लावलं असशील. मी वाद घातला नाही. म्हणाले, "घरात जा. घड्याळावर रुमाल टाका. आणि बसून राहा. मी आत येत नाही."

त्यांनी दार उघडंच ठेवलं. मी उंबऱ्याबाहेर उभी होते. त्यांनी पदराला हात पुसून एक हातरुमाल घेतला, शोकेसपाशी गेल्या, घड्याळावर टाकला आणि सोफ्यावर बसल्या. हात मांडीवर. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मला वाटलं, माझीच चूक निघाली तर बरं. फोन वाजूच नये.

वाजला. त्यांनी स्पीकरवर लावला.

"आई, सहज केला फोन. काय करतेस?"

"बशेल शे."

"लाइट आहेत ना? नेट चालू आहे ना?"

"नेटनं तू कसाले इचारस?"

"असंच. काही पडलंबिडलं का शोकेसवरून?"

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा मला आजही जसाच्या तसा दिसतो. त्या चिडल्या नाहीत. एकदम थकल्यासारख्या दिसल्या.

"काही पडनं नही, पोऱ्या. मीच रुमाल टाका घड्याळवर. तू माले देखस का रे तठेतून?"

मग तो भराभर बोलायला लागला. तुझ्याच काळजीपोटी, तू एकटी असतेस, तू काही सांगत नाहीस, मागे पाय घसरला ते शेजारच्यांकडून कळलं. आणि मध्येच त्याचा आवाज बदलला. "ती समोरची बाई तिथे आहे का? आत्ता आली होती ना घरात, मोबाइल घेऊन?"

अक्का म्हणाल्या, "शे. दारमा उभी शे." आणि फोन बंद केला.

पुढच्या शनिवारी तो आला. जिन्यात माझी वाट अडवूनच उभा राहिला. "तुम्हाला काय गरज होती मध्ये पडायची?"

मी विचारलं, "त्या रविवारी माझी पेटी उघडायला लावलीत तेव्हा तुम्हाला माहीत होतं ना, आईंवर नजर कोणाची आहे?"

तो म्हणाला, माझा खरंच तुमच्यावर संशय होता. एक कॅमेरा मी लावला म्हणून दुसरा कोणी लावणार नाही असं थोडंच आहे? हे तो मनापासून बोलत होता की आयत्या वेळी सुचलेलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण पुढे त्याने जे सांगितलं ते मी ऐकून घेतलं. आई बाथरूममध्ये पडली होती ती कितीतरी वेळ तशीच पडून होती. दार आतून बंद. त्याला संध्याकाळी कळलं आणि पुण्याहून निघून पोहोचेपर्यंत रस्त्यात त्याचं काय झालं असेल ते मला समजलं. "विचारून लावायचा होता," मी एवढंच म्हणाले. तो म्हणाला, "विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती?"

त्याचं उत्तर अक्कांनी दिलं. मुलगा घड्याळ काढून न्यायला निघाला तर त्यांनी नेऊ दिलं नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. पण रुमालही काढला नाही. सकाळी अंघोळ झाली की आणि संध्याकाळी दिवा लावला की त्या रुमाल उचलतात, घड्याळासमोर उभ्या राहतात, मी बरी आहे असं दाखवतात आणि पुन्हा झाकतात. मध्ये कोणी काही बघायचं नाही. बहीण आली की रुमाल दिवसभर. मुलगा सुरुवातीला रुसला होता, काही आठवडे त्याने फोनही कमी केले. आता त्या वेळेला तो पुण्यातून हात हलवतो म्हणे, पण घड्याळात त्याचा हात दिसत नाही, तरी अक्का इकडून हलवतात.

माझ्याशी त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं. एकदा त्या माझ्या घरी येऊन खुर्चीत बसल्या आणि मी खेळताना त्यांनी सगळं बघितलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तट दिसत होता, बाण सुटत होते. "कोनाले मारस?" विचारलं. मी म्हणाले, खोटीच माणसं आहेत. हेडसेट लावून बघा म्हटलं तर मात्र हात मागे घेतला. डोळे झाकून घेतल्यावर घरात कोण आलं कोण गेलं ते कसं कळणार, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी तो कधीच लावला नाही. मी आग्रहही केला नाही, कारण प्रश्न माझ्याही मनात होताच. खेळताना मी दाराला आतून कडी लावते.

धुळ्याच्या पार्लरवाल्याला मी मेसेज करून कळवलं की आत काही नव्हतं. त्याने फक्त अंगठा पाठवला. सेक्रेटरींना मी काही सांगितलं नाही, आणि अक्कांनीही.

आता अक्कांच्या मुलाकडे माझा नंबर आहे. त्यानेच मागून घेतला, अडीअडचणीला असावा म्हणून. कधीमधी त्याचा फोन येतो. आईने रुमाल उचलला नाही आज, जरा बघता का. मी जाऊन बघते. अक्का बहुतेक वेळा झोपलेल्या असतात किंवा खाली भाजी घेत असतात. बऱ्या आहेत, एवढं मी त्याला सांगते. मग तो विचारतो, कोण आलं होतं का, औषध घेतलं का, कोणाशी बोलत होती. मी म्हणते, ते तुम्ही त्यांनाच विचारा.